‘सोप्पंय’ म्हणणाऱ्यांनो, जबाब द्या

१

माझ्यामुळे एका पोराची दोन बोटं गेली. हे आधी कबूल करतो, मग दुसऱ्यांच्या नावानं बोंब मारायला मोकळा.

गोदीत लोखंडी प्लेटांची बंडलं उतरत होती. क्रेन बंडल जहाजाच्या फाळक्यातून उचलते, धक्क्यावर आणते. ते जमिनीला टेकायच्या आत खाली लाकडी ठोकळे सरकवायचे असतात. ठोकळे नसले तर बंडलाखाली दबलेली वायरची स्लिंग निघत नाही. एवढंच काम. दोन माणसं, दोन ठोकळे. पोरगा परभणीकडचा, एकोणीस वर्षांचा, कामावरचा दुसरा दिवस. त्यानं विचारलं, “भाऊ, कसं करायचं?” मी म्हणालो, “सोप्पंय रे. ठोकळा सरकव आन् बाजूला हो.”

मी खोटं बोललो नव्हतो. मला ते सोपंच होतं. चार वर्षं मी तेच करतोय. माझा हात ठोकळा दोन्ही कुशींना धरतो, वरून किंवा खालून कधीच नाही. बंडल गुडघ्याच्या खाली आलं की माझा हात आपोआप बाहेर येतो. हे सगळं माझी बोटं करतात, मला न विचारता. म्हणून मी त्याला सांगितलंच नाही. ते माझ्या तोंडात नव्हतंच, बोटांत होतं. पोरानं ठोकळा भाकरीसारखा तळहातावर घेतला आणि खाली सारला. मागून ‘आरिया, आरिया’ चाललं होतं. बंडल बसलं.

ठेकेदारानं चार पैसे हातावर टेकवून त्याला गावाकडे धाडलं. मुकादम म्हणाला, “येडं होतं. डोकंच नव्हतं त्याला.” सगळ्यांनी माना हलवल्या. मीपण हलवली. रात्री सँडहर्स्ट रोडहून स्लो लोकलनं घाटकोपरला येताना दांडीला लोंबकळत असताना टाळक्यात उजेड पडला. हे वाक्य मी आधी ऐकलेलं आहे. हेच वाक्य माझ्याबद्दल बोललं गेलं होतं, अकरावीच्या वर्गात. ह्याला डोकं नाही.

ज्याला येतं त्याला सांगता येत नाही. आणि ज्याला सांगितलं गेलं नाही त्याला म्हणे डोकं नाही. ह्या दोन वाक्यांच्या मध्ये जी चलाखी लपलेली आहे, तिचं धोतर फेडायला मी बसलोय.

२

दुसऱ्या दिवशी पाळी बुडवली आणि आमच्या वस्तीतल्या एका मामांकडे गेलो. मामा जुने गोदी कामगार. डॉक लेबर बोर्डाच्या जमान्यातले. हातात हूक घेऊन गोण्या ओढलेला माणूस. आता सत्तरी ओलांडलीय, गुडघे गेलेत, पण पंजा अजून पान्यासारखा.

“मामा, नवा माणूस टोळीत आला की तुम्ही त्याला शिकवायचात कसं?”

“शिकवायचं काय त्यात? बघायचं आन् करायचं.”

“पण तोंडानं काय सांगायचात?”

“काय न्हाय. हात जातो आपोआप.”

बोंबला. मीसुद्धा पोराला हेच सांगितलं होतं. मग मी बाहेरून एक वीट आणली आणि मामींची पत्र्याची पेटी पुढ्यात ओढली. म्हटलं, “मामा, ही वीट म्हणजे ठोकळा, ही पेटी म्हणजे बंडल. करून दाखवा. पण सावकाश. मी ‘थांबा’ म्हणालो की थांबायचं, आणि मी ‘का?’ विचारलं की रागवायचं नाही.”

मामा उभे राहिले. एक पाय आपसूक मागं गेला. थांबा! पाय मागं का? “पळाया. दोनी पाय जोडून हुबा ऱ्हायला तो मेला.” डोळे कुठे? “बंडलाकडं न्हाय बघायचं, स्लिंगकडं बघायचं. स्लिंग ढिली पडाया लागली म्हंजी वजन खाली आलं.” पाठ कुणीकडे? “पाठीमागं मोकळी जागा पायजे. पाठ ट्रेलरला लावून काम करायचं न्हाय, चेपशील.” ठोकळा कसा? “कुशीनं. जात्याचा खुटा धरतो तसा न्हाय, पाट उचलतो तसा.” ‘आरिया’ कधी म्हणायचं? “तुझा हात बाहेर आला म्हणून न्हाय. समोरच्याचे दोनी हात दिसल्याबिगर तोंड उघडायचं न्हाय.”

तासाभरात अठरा गोष्टी निघाल्या. मी वहीत लिहून काढल्या. ठोकळा सरकव आन् बाजूला हो, ह्या पाच शब्दांच्या पोटात अठरा गोष्टी! मामांनी वही हातात घेतली, वाचता येत नाही तरी पानावरून बोट फिरवलं आणि हसले. “च्यायला, येवढं येतं व्हय मला?”

दोस्तांनो, हे हसणं लक्षात ठेवा. ह्या माणसानं काहीच लपवलं नव्हतं. त्यालाच ठाऊक नव्हतं की त्याला काय काय ठाऊक आहे.

३

हे असं का होतं? कारण शिकणं म्हणजेच विसरणं. सायकल शिकताना पहिले आठ दिवस डोकं फुटेस्तोवर विचार करतो: हँडल, पेडल, ब्रेक, तोल. नवव्या दिवशी विचार संपतो आणि सायकल चालू लागते. जोवर विचार करतोस तोवर येत नाही, आणि येऊ लागलं की विचार मरतो. एकेक पायरी चढलास आणि चढताना मागची पायरी विरघळत गेली. आता वर उभा राहून खालच्याला ओरडतोस, “ये ना वर, उडी मार!” तुला जिना दिसतच नाही. तुला वाटतं, मीसुद्धा असाच उडी मारून आलो.

मायकेल पोलान्यी नावाचा एक हंगेरियन रसायनशास्त्रज्ञ होता, पुढे तत्त्वज्ञानात शिरला. त्यानं १९६६ साली आख्खं पुस्तक लिहिलं ते ह्याच एका गोष्टीवर: माणसाच्या ज्ञानाचा मोठा हिस्सा शब्दांच्या बाहेर राहतो. आपण ओळखीचा चेहरा हजारांत ओळखतो, पण कसा ओळखला ते सांगता येत नाही. त्याचं पुस्तक मामांच्या हातात द्यायला पाहिजे होतं. मामा म्हणाले असते, हे लिहायला पुस्तक कशाला पायजे?

दुसरी गोष्ट. १९९० साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन नावाच्या विद्यार्थिनीनं एक गंमत केली. काही जणांना सर्वांच्या ओळखीची गाणी दिली आणि म्हटलं, टेबलावर बोटांनी ह्यांचा ठेका वाजवा. समोरच्यानं गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना आधी विचारलं, किती ओळखली जातील? ते म्हणाले, निम्मी तरी. एकशेवीस गाणी वाजवली गेली. ओळखली किती? तीन.

माझा विश्वास बसला नाही. यलो गेटजवळच्या टपरीवर मी चहाच्या ग्लासानं बाकड्यावर एक भीमगीत वाजवलं. असं गाणं, की ऐकून आमची पोरं झोपेतून उठून टाळ्या देतील. माझ्या डोक्यात आख्खी पार्टी चालू होती. ढोलकी, हार्मोनियम, कोरस, चौदा एप्रिलची रात्र, निळे दिवे. समोर बसलेल्या चौघांच्या कानात फक्त ठक ठक, ठक ठक ठक. एक म्हणाला, “कोळीगीत हाय का?” दुसरा म्हणाला, “ढेकूण मारतो का रे?” आणि मला खरोखर राग आला. साल्यांना एवढं कळत नाही?

तो राग तपासा. तो राग म्हणजे ह्या रोगाची नाडी आहे. ज्याच्या डोक्यात गाणं वाजतंय त्याला समोरच्याचा ठकठकाट ऐकू येत नाही. त्याला वाटतं, मी आख्खं गाणं दिलं, ह्याचाच कान फुटका.

४

आता अकरावी.

दहावीला मला बरे मार्क होते. सायन्सला गेलो. कॉलेजचं नाव घेत नाही, अशी कॉलेजं गल्लोगल्ली आहेत. भौतिकशास्त्राचे सर फळ्याकडे तोंड करून तीन ओळी लिहायचे आणि म्हणायचे, “यावरून हे उघडच आहे की…” माझ्यासाठी ते कुलूपबंद होतं. पहिल्या ओळीवरून दुसऱ्या ओळीवर सर एका ढांगेत जायचे. मधली नाल्यावरची फळी कुठे गेली, मी शोधत राहायचो. एकदा हात वर केला. “सर, हे मधे कुठून आलं?” सर थांबले. खरंच थांबले. त्यांनी फळ्याकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं. मला आज कळतं की त्या क्षणाला त्यांनाही माहीत नव्हतं ते कुठून आलं. वीस वर्षांपूर्वी कधीतरी आलं होतं, मग विरघळलं होतं. मामांसारखेच सरही अडकले होते.

पण मामा काय म्हणाले? “येवढं येतं व्हय मला?” आणि सर काय म्हणाले? हजेरीपटावर माझं आडनाव बघून म्हणाले, “तुम्ही आर्ट्सला का नाही जात? तिकडे डोकं लागत नाही.” वर्ग हसला. मी वर्षाअखेरीला कॉलेज सोडलं आणि गोदीत लागलो. कागदावर मॅट्रिक ते मॅट्रिकच राहिलो.

दोघांनाही सांगता आलं नाही. सांगता न येणं हा गुन्हा नाही, तो कसब अंगात मुरल्याचा पुरावा आहे. गुन्हा पुढे घडतो. मामांनी आपल्या न सांगता येण्याचा भार स्वतः उचलला: नव्या माणसाच्या शेजारी उभे राहिले, त्याचा हात हातात धरून ठोकळ्यावर ठेवला, महिनाभर त्याच्या वाटचा धोका अर्धा आपल्या अंगावर घेतला. सरांनी तोच भार माझ्या जन्मावर टाकला. ह्या भार टाकण्याला ह्या देशात एक गोंडस नाव आहे. मेरिट.

पूर्वी आम्हाला विद्या द्यायचीच नाही असा कायदा होता. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत नाकारलं, फारशी घ्यायला लावली. तेव्हा दरवाजाच बंद होता, निदान दिसत तरी होता. डोकं आपटून फोडता येत होता. आता दरवाजा सताड उघडा आहे, वर पाटी आहे ‘सर्वांचे स्वागत’. आत पाय टाकला की पायरीच नाही. तिथे जन्मलेल्यांना पायरी लागत नाही. त्यांना बापानं कडेवर घेऊन आत आणलेलं असतं. जेवताना, झोपताना, मामा-काकांच्या गप्पांतून मधल्या फळ्या टाकून झालेल्या असतात. ते ‘उघडच आहे’ म्हणतात, कारण त्यांच्या घरात ते उघडंच पडलेलं होतं. आम्ही पडतो आणि ते म्हणतात, बघा, ह्यांना चालता येत नाही.

हे मी रागानं बोलतोय असं वाटत असेल तर हिशेब घ्या. टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र काढलं. आज ते मानखुर्दला आहे, आमच्या घाटकोपरपासून हाकेच्या अंतरावर. १९८०च्या आसपास तिथल्या व्ही. जी. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई महापालिकेच्या शाळांतली मागासवर्गीय मुलं घेतली. ज्यांना मास्तरांनी ‘ढ’ म्हणून सोडून दिलं होतं तसलीच. त्यांना काय सापडलं? मुलांच्या डोक्यात खोट नव्हती. विज्ञानाच्या पुस्तकाची भाषाच आडवी पडली होती. भाषा मुलाच्या तोंडातली केली, मधल्या पायऱ्या दाखवल्या, की तीच मुलं चालू लागली. चाळीसेक वर्षं झाली ह्याला. आणि अजून आमच्या पोरांच्या पुस्तकात ‘अपवर्तन’ आणि ‘संप्लवन’ बोडक्यावर आदळतंय आणि मास्तर म्हणतोय, पाठ करा.

५

आता पारडं उलटं करून बघू. आमच्याजवळचं ज्ञान त्यांना कळलं नाही तर काय होतं?

१९७२ साली नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला. प्रस्तावना विजय तेंडुलकरांची. तेंडुलकर म्हणजे मराठी भाषेतला उस्ताद माणूस, नाटकं गाजलेली. आणि त्या कवितांतले कितीतरी शब्द त्या उस्तादाला कळेनात. त्यांनी ते लपवलं नाही. कवीला अर्थ विचारले, आणि आपल्याला हे कळत नव्हतं असं प्रस्तावनेतच छापून टाकलं. कामाठीपुऱ्याच्या शाळेत नवशिका होऊन बसले. त्याबद्दल त्यांना मानलं पाहिजे.

पण बाकीच्यांचं काय? त्यांना शब्द कळले नाहीत म्हणून त्यांना कुणी ‘ढ’ म्हणालं का? कुणी त्यांना म्हणालं का, तुम्ही दुसरीकडे जा, इथे डोकं लागतं? नाही. ते म्हणाले, कविताच दुर्बोध आहे, कविताच अश्लील आहे. म्हणजे बघा हा न्याय. त्यांचं आम्हाला कळलं नाही तर खोट आमच्यात. आमचं त्यांना कळलं नाही तरी खोट आमच्यातच. नाणं कसंही उडवा, छापा त्यांचा आणि काटाही त्यांचा.

आमच्या आज्या-पणज्यांचं कसब तरी कुणी विद्या म्हणून मोजलं का? मांगानं वळलेल्या दोरखंडावर गावाची मोट चालायची. किती पीळ द्यायचा, केकताड किती भिजवायचं, कुठे थांबायचं हे त्याच्या मांडीला ठाऊक. महाराला गावाची शीव पाठ. वाद पडला की त्याची साक्ष चालायची. हे बोटांत होतं, मांडीत होतं, तळपायात होतं. पोथीत नव्हतं, म्हणून ते ज्ञान ठरलं नाही. गोदीत आज स्लिंग कुठे बांधली की बंडल आडवं होत नाही हे नजरेनं सांगणारा माणूस कागदावर ‘अकुशल’ असतो. त्याला शब्दांत सांगता येत नाही म्हणून तो अकुशल. आणि सरांना शब्दांत सांगता येत नाही तरी ते प्राध्यापक!

पुराणातल्या द्रोणाला हे बरोबर कळलं होतं. त्यानं एकलव्याला एक अक्षर शिकवलं नाही. पोरगा बघून, करून, चुकून शिकला. मग गुरुजींनी दक्षिणा काय मागितली? जीभ नाही मागितली, डोकं नाही मागितलं. अंगठा मागितला. विद्या कुठे राहते हे त्या हरामखोराला आपल्या आजच्या शिक्षणतज्ज्ञांपेक्षा जास्त ठाऊक होतं.

६

मग शिकवतं कोण? जे बोटांत आहे ते दुसऱ्याच्या बोटांत जातं कसं?

गोदीकडे बघा. १९४८ साली गोदी कामगारांचा कायदा झाला, त्यातून डॉक लेबर बोर्ड आलं. त्याआधी रोज सकाळी गेटवर गुरांच्या बाजारासारखी निवड व्हायची. बोर्डानं माणसाला नोंदणी दिली आणि टोळी दिली. पगाराबद्दल सगळे बोलतात, मी टोळीबद्दल बोलतो. तीच माणसं, वर्षानुवर्षं, शेजारी शेजारी. नवा माणूस जुन्याच्या बगलेत. कुणी भाषण देत नव्हतं. पण चुकला की बाजूचा हात पुढे येत होता. ती टोळी म्हणजे न बोलणाऱ्या माणसांचं विद्यापीठ होतं.

मग कंटेनर आला. १९८९ साली खाडीपलीकडे न्हावाशेवा बंदर सुरू झालं. इकडची कामं आटली, जुन्यांना पैसे देऊन घरी बसवलं, बोर्ड पोर्ट ट्रस्टमध्ये विरघळलं. मामांसारखी हजारो माणसं आपापली अठरा-अठरा गुपितं बोटांत घेऊन घाटकोपर, मुलुंड, कळवा, कल्याणला जाऊन बसली. उरलेल्या कामावर ठेकेदाराची पोरं. आज हा, उद्या तो. शेजारी उभं राहायला कुणी नाही, कारण शेजारी उभं राहण्याचा पगार ठेकेदार देत नाही. एका कामाला एक माणूस, आणि वर फळ्यावर लिहिलेलं ‘सुरक्षा प्रथम’. ती दोन बोटं माझ्या ‘सोप्पंय’नं गेली हे खरंच. पण मला शेजारी उभं राहायला दहा मिनिटं कुणी दिली नव्हती हेही तेवढंच खरं. शिकवायला वेळ लागतो, आणि वेळेचे पैसे पडतात. शिकवण्याचा खर्च जो वाचवतो तो नफा कमावतो, आणि बिल पोराच्या बोटांवर फाटतं. शाळेतसुद्धा हेच. एका मास्तरापुढे साठ-सत्तर पोरं कोंबली की ‘उघडच आहे’ म्हणणं स्वस्त पडतं.

जोतीराव फुल्यांना हे कळलं होतं. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी निवेदन दिलं, त्यात प्राथमिक शाळांतले शिक्षक शेतकरी वर्गातून घ्या अशी मागणी आहे. म्हणजे ते पोरांत मिसळतील, त्यांच्या गरजा त्यांना कळतील. लोक हे वाचून म्हणतात, फुल्यांनी नोकऱ्या मागितल्या. अरे, नुसत्या नोकऱ्या नव्हत्या त्या! ज्याच्या पायाला त्या वाटेचे काटे अजून टोचतायत, त्यालाच वाट दाखवायला उभा करा, हे त्या मागणीतलं शहाणपण आहे. आणि त्यांनी स्वतःच्या घरात ते आधीच करून दाखवलं होतं. सावित्रीबाई लग्नानंतर अक्षर शिकल्या आणि १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात शिकवायला उभ्या राहिल्या. काल शिकलेली बाई आज मास्तरीण. त्या शाळांतून कोण निघालं? मांगाची पोर, मुक्ता. १८५५ साली तिनं मांग-महारांच्या दुःखावर लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदया’त छापून आला. पोथीतल्या पंडितांना दोन हजार वर्षांत जे जमलं नाही ते काल शिकलेल्यांनी चार-दोन वर्षांत केलं, कारण त्यांना जिना अजून दिसत होता.

आणि ज्याला असंही कुणी भेटलं नाही, त्याचं काय? आमच्या घाटकोपरच्या चिरागनगरात अण्णा भाऊ साठे राहत होते. शाळा दीड दिवसाची. असं सांगतात की मुंबईतल्या दुकानांच्या पाट्या वाचत वाचत ते अक्षर शिकले. पुढे ‘फकिरा’ लिहिली. आमचे लोक हे छाती फुगवून सांगतात. मला मात्र ते आठवलं की भीती वाटते. एक अण्णा भाऊ पाट्यांवरून शिकला. त्याच पाट्यांखालून जाणारे आणि न शिकलेले किती, त्यांची नोंद कुठे आहे?

७

आता आपल्याकडे वळतो. टाळ्या थांबवा.

ब्राह्मणाला शिव्या घालणं सोपं आहे. (बघा, मीपण ‘सोपं आहे’ म्हणालो.) पण हा रोग जातीनं येत नाही, कसबानं येतो. जात त्याला फक्त परवाना देते. आपल्यात जो जो काही शिकला त्याला हा रोग झालेला आहे. आपल्या अभ्यासवर्गात जाऊन बघा. पुढे बसलेला विद्वान कार्यकर्ता ‘संरचनात्मक विषमता’, ‘सांस्कृतिक वर्चस्व’, ‘जात्यंताची द्वंद्वात्मकता’ असं तासभर ठक ठक ठक वाजवतो. त्याच्या डोक्यात आख्खं गाणं चालू आहे. मागच्या सतरंजीवर रात्रपाळी करून आलेला पोरगा बसलाय, त्याला फक्त ठकठक ऐकू येतंय. तो जांभई देतो. विद्वान चहा पिताना म्हणतो, “आपल्या लोकांना वैचारिक बैठक नाही.”

वा रे भीमाच्या वाघा! माझ्या सरांनी मला जे म्हटलं तेच तू तुझ्या भावाला म्हणालास. शब्द नवे, दात तेच.

मी कवी आहे म्हणवतो. माझ्याकडे नवी पोरं कविता घेऊन येतात. “दादा, कशी लिहायची?” मी दाढी खाजवत म्हणतो, “आतून आली पाहिजे.” आतून काय येतं? मळमळ येते. मला ठाऊक आहे की मी एक ओळ नऊ वेळा खोडतो, मोठ्यानं म्हणून बघतो, जिभेला अडखळलेला शब्द काढून फेकतो. हे सांगायला काय हरकत होती? पण सांगितलं तर माझी जादू जाईल. ‘आतून आली पाहिजे’ म्हटलं की मी थोर राहतो आणि पोरगा खाली राहतो. म्हणजे काही वेळा सांगता येत नाही, आणि काही वेळा सांगायचं नसतं. आणि ह्या दोहोंतली सीमा आपल्या सोयीनं पुसट ठेवायची असते. हीच तर भटशाही. जानवं घालावं लागत नाही तिला.

८

म्हणून काही गोष्टी मांडतो. ठराव म्हणा, शिवी म्हणा.

एक. ‘सोपं आहे’, ‘उघडच आहे’ हे शब्द आपल्या वर्गात बंद. ते समोरच्याला धीर देत नाहीत. न कळलं तर त्याला लाज वाटावी एवढंच काम करतात.

दोन. शिकवायला सगळ्यात मोठ्या विद्वानाला बोलावू नका. मागच्या महिन्यात ज्याला कळलं त्याला उभा करा. दहावीच्या पोराला अकरावीचा पोरगा शिकवील. विद्वानानं मागे बसावं आणि तो चुकला तरच बोलावं.

तीन. नवा माणूस जे विचारतो ते वहीत लिहा. त्याचा अडाणी प्रश्न म्हणजे तुमच्या विरघळलेल्या पायरीचा पत्ता आहे. तो प्रश्न महिन्याभरानं त्यालाही आठवणार नाही, कारण तोही तोवर ‘सोप्पंय’वाला झालेला असेल.

चार. “कळलं का?” असं विचारू नका. ‘हो’ म्हणण्यावाचून गरिबाला गत नसते. त्या परभणीच्या पोरालाही मी विचारलं होतं, आणि तो ‘हो’ म्हणाला होता. म्हणा, “आता तू मला करून दाखव.”

पाच. वस्तीत जाऊन बसलेल्या म्हाताऱ्यांकडे जा. गिरणीतले, गोदीतले, रेल्वेतले, गटारातले. त्यांना भाषण करायला लावू नका, सावकाश करायला लावा आणि ‘का?’ विचारा. त्यांच्या बोटांतलं सरणावर जायच्या आत वहीत उतरवा.

माझी अठरा गोष्टींची वही आता गोदीत फिरते. पानं तेलानं काळी झालीत. परवा एका नव्या पोरानं एकोणिसावी गोष्ट लिहिली: पाऊस असला तर ठोकळा आधी पोत्यानं पुस, निसटतो. मला चार वर्षांत ती लिहावीशी वाटली नव्हती. माझा हात न सांगता पुसत होता.

एक शेवटचं. १९४२ साली नागपूरच्या परिषदेत बाबासाहेबांनी इंग्रजीत तीन शब्दांचा हुकूम दिला: एज्युकेट, अ‍ॅजिटेट, ऑर्गनाइझ. आपण भिंतीवर मराठीत रंगवलं, ‘शिका’. इंग्रजीचा तो पहिला शब्द डिक्शनरीत काढून बघा. मी काढला. त्याचा सरळ अर्थ ‘शिकवा’ असा आहे.

आपण शिकलो. पदव्या भिंतीवर टांगल्या, फ्लॅट घेतले, आडनावं बदलली. हुकूम अर्धाच पाळला.

दोन बोटं गेलेला तो पोरगा परभणीकडे कुठेतरी आहे. त्याला डोकं होतं. मला तोंड नव्हतं.

जय भीम.